काउबॉय ॲक्शन शूटिंगसाठी कान व डोळ्यांचे संरक्षण कसे निवडावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकी पश्चिमेचा पोशाख अंगावर चढवून, त्याच काळातील धर्तीच्या बंदुकांनी नेमबाजी करण्याचा हा खेळ १९८०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात आकाराला आला आणि १९८७ साली स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीने त्याला नियमांची चौकट दिली. प्रत्येक खेळाडूजवळ दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक दुनळी किंवा जुन्या घडणीची पंप शॉटगन असते. प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावे लागते आणि टोपीपासून बुटांपर्यंत सारे काही त्या काळाला साजेसे असावे लागते. ॲरिझोनातील फिनिक्स परिसरातील आमच्या लहानशा दुकानात या खेळाचे सामान घेण्यासाठी गेल्या काही वर्षांत मराठी कुटुंबेही येऊ लागली आहेत. त्यांच्याशी काउंटरवर जे बोलणे वारंवार होते, तेच येथे नीट मांडून दिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की टोपी, चष्मा आणि कानांचे संरक्षण या तीन वस्तू वेगवेगळ्या निवडू नयेत. चष्म्याची काडी इअरमफची (कानांवर बसणाऱ्या, पट्टीने जोडलेल्या कपांची) गादी उचलते, इअरमफची पट्टी टोपी बसू देत नाही, आणि रायफल खांद्याला लावली की तिचा दस्ता इअरमफला ढकलतो. एकेकटी घेतलेली उत्तम वस्तूही त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्धेत निकामी ठरू शकते.

आवाज किती असतो

या खेळात कमी वेगाची, साध्या शिशाच्या गोळीची काडतुसे वापरली जातात. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांच्या आत आणि रायफलीचा १,४०० फुटांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे हा आवाज फारसा अपायकारक नसावा असा अनेकांचा समज होतो, आणि तो समज चुकीचा आहे. क्षणिक स्फोटाच्या आवाजासाठी अमेरिकेत १४० डेसिबल ही धोक्याची मर्यादा धरली जाते, आणि बहुतेक बंदुकांचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानाशी ती मर्यादा ओलांडतो. आपल्याला परिचित असलेले माप सांगायचे, तर भारतात फटाका फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांवर बंदी आहे. येथे स्फोट ४ मीटरवर होत नाही, तो हातभर अंतरावर होतो, आणि एका फेरीत सुमारे दोन डझन वेळा होतो. दिवसभरात अशा पाच-सहा फेऱ्या होतात, आणि आपली पाळी नसताना शेजारच्या खेळाडूचे बारही कानांवर येतच असतात.

दुकानाच्या चालकांचा स्वतःचा अनुभव येथे सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीच्या काळात एका स्पर्धेत डाव्या कानातील इअरप्लग अर्धवट बसला होता आणि फेरी सुरू झाल्यामुळे तो तसाच राहू दिला. संध्याकाळपर्यंत कानाला दडे बसल्यासारखे वाटत होते. दडे दोन दिवसांत गेले, परंतु बारीक शिट्टीसारखा आवाज मात्र आजही रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. डावाच कान बिघडावा हा योगायोग नव्हे: उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, तर उजव्या कानाला डोक्याचा थोडा आडोसा मिळतो. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

पाकिटावरचा आकडा

कानांच्या प्रत्येक साधनावर एनआरआर नावाचा आकडा, म्हणजे ते आवाज किती डेसिबलने कमी करते याचे माप, छापलेला असतो. फोमच्या इअरप्लगवर तो ३३पर्यंत आढळतो, इअरमफवर साधारण २० ते ३०च्या दरम्यान. हा आकडा प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली साधन नीट बसवून काढलेला असतो, आणि तोही सलग चालणाऱ्या आवाजासाठी. प्रत्यक्षातील अंदाज बांधण्यासाठी नायॉश या अमेरिकेतील सरकारी संशोधन संस्थेने १९९८ साली अशी वजावट सुचवली होती की इअरमफच्या आकड्यातून चतुर्थांश कमी करावा, फोमच्या इअरप्लगचा आकडा निम्मा धरावा, आणि इतर तयार इअरप्लगच्या आकड्यातून ७० टक्के वजा करावेत. म्हणजे ३३ छापलेल्या इअरप्लगकडून सोळा-सतरा डेसिबलचीच अपेक्षा ठेवावी, आणि २४ छापलेल्या इअरमफकडून १८ची. इअरप्लग आणि वरून इअरमफ असे दोन्ही घातले, तर दोन आकड्यांची बेरीज होत नाही. दोहोंपैकी मोठ्या आकड्यात सुमारे ५ डेसिबलची भर पडते. तरीही ती भर मोलाची आहे. लाकडी भिंती आणि छप्पर असलेल्या सलूनच्या (जुन्या पश्चिमेतील मद्यालयाच्या) देखाव्यातून बार काढायचे असतील, तर आवाज भिंतींवर आदळून परत येतो, आणि तेथे आम्ही दोन्ही घालण्याचाच आग्रह धरतो.

फोमचा इअरप्लग बहुतेक जण चुकीचा घालतात. तो बोटांत वळून अगदी बारीक, सुरकुती न पडलेली वात करावी, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, वात आत सरकवावी आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. समोरून आरशात पाहिल्यावर इअरप्लग कानाबाहेर डोकावताना दिसला, तर तो पुरेसा आत गेलेला नाही असे समजावे. हे सर्व काडतुसांना हात लावण्यापूर्वी करावे, कारण शिसे लागलेल्या बोटांनी वळलेली वात आपण थेट कानात घालत असतो. कापसाचे बोळे घालून येणारे ग्राहक अजूनही भेटतात. कापसाने बंदुकीचा आवाज अडत नाही.

पोशाखाच्या दृष्टीने इअरप्लगची मोठी सोय आहे, कारण त्वचेच्या किंवा तपकिरी रंगाचा इअरप्लग टोपीखाली दिसतही नाही. परंतु अडचण अशी की त्याने माणसाचे बोलणेही अडते, आणि या खेळात फेरीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची सूचना, विशेषतः थांबण्याचा हुकूम, त्याच क्षणी ऐकू येणे हा सुरक्षिततेचा गाभा आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक इअरमफ आम्हांला अधिक पसंत आहेत: त्यांतील मायक्रोफोन साधे बोलणे आत पोहोचवतो आणि मोठा आवाज येताच ते पोहोचवणे आवरतो. बॅटरी संपली तरी त्यांचे मूळ संरक्षण कायम राहते. आत इअरप्लग घालून वरून असे इअरमफ लावले आणि त्यांचा आवाज वाढवला, तर संरक्षण दुहेरी होते आणि सूचनाही बऱ्यापैकी ऐकू येतात. काळ्या प्लॅस्टिकचे रूप पोशाखात खटकत असेल, तर कपांवर चामड्याचे आवरण शिवून देता येते, मात्र मायक्रोफोनची छिद्रे आम्ही उघडीच ठेवतो.

रुंद काठाच्या टोपीखाली डोक्यावरून जाणारी पट्टी बसत नाही. मानेमागून जाणाऱ्या पट्टीचे इअरमफ घ्यावेत, आणि टोपीचा मागचा काठ त्या पट्टीला टेकत नाही ना, हे मान वर करून पाहावे. कप शक्यतो पातळ असावेत. जाड कप दस्त्याला लागून गालावरून सरकतो, आणि गादी एका बाजूने उचलली गेली की आतला कान उघडा पडतो.

डोळे

सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांत कानांच्या संरक्षणाची आग्रहाने शिफारस आहे, पण डोळ्यांचे संरक्षण खेळाडू आणि प्रेक्षक या सर्वांना बंधनकारक आहे. कारण सरळ आहे. लक्ष्ये पोलादी असतात आणि रिव्हॉल्व्हरसाठी ती बहुधा सात ते दहा यार्डांवरच उभी केलेली असतात. मऊ शिशाची गोळी पोलादावर आदळली की तिच्या चिरफळ्या होऊन चहूकडे उडतात. लक्ष्य खाली झुकवून लावल्यास बहुतेक तुकडे जमिनीकडे जातात, परंतु सगळेच जात नाहीत. आमच्या काउंटरवर पॉलीकार्बोनेट या मजबूत प्लॅस्टिकचे एक भिंग ठेवले आहे. त्याच्या मध्यापासून जरा बाजूला तांदळाच्या कणीएवढा खड्डा आहे आणि त्यात शिशाची करडी रेघ अजून दिसते. ते घालणारे गृहस्थ त्या वेळी नेम धरत नव्हते, मागे उभे राहून गुण मोजत होते.

चष्मा घेताना फ्रेमवर आणि भिंगावर असे दोन्हीकडे कोरलेले चिन्ह पाहावे. फ्रेमवर इंग्रजीतील झेड, त्यापुढे ८७ आणि त्यापुढे अधिक चिन्ह असावे, आणि भिंगावरही ते अधिक चिन्ह असावे. अमेरिकी मानकाच्या या चाचणीत सेकंदाला १५० फूट वेगाने पाव इंची पोलादी गोळी चष्म्यावर मारतात, तसेच ५०० ग्रॅमचे टोकदार वजन ५० इंचांवरून त्यावर सोडतात, आणि भिंग फुटता कामा नये, तसेच फ्रेममधून निसटताही कामा नये. अधिक चिन्ह नसलेला चष्मा या खेळासाठी घेऊ नये. हा चष्मा थेट लागलेली गोळी अडवू शकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो उडालेल्या तुकड्यांसाठी आहे.

जुन्या बाजारातून हौसेने आणलेल्या लंबगोल तारेच्या फ्रेममध्ये पॉलीकार्बोनेटचे भिंग बसवून मागणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात, आणि आम्ही ते काम घेत नाही. भिंग टिकले तरी ती नाजूक तार आघाताने वाकते आणि अखंड भिंगच डोळ्यावर जाऊन आदळते. शिवाय बाजू पूर्ण उघड्या राहतात. काचेचे भिंग तर फुटून स्वतःच इजा करते. गोल किंवा लंबगोल आकाराच्या, अधिक चिन्ह असलेल्या फ्रेम मिळतात, जरी निवडीला फार वाव नसतो. बाजूच्या झडपा पोशाखात विजोड दिसतील ही काळजीही अनाठायी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या प्रवासात धूळ व कोळशाचे कण टाळण्यासाठी बाजूला भिंगे किंवा जाळ्या असलेले चष्मे लोक वापरतच होते. अमेरिकेचे भावी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तर मुलगा असताना पहिली बंदूक हाती आल्यावरच, मित्रांना दिसणारी सावजे आपल्याला दिसत नाहीत हे उमगले आणि चष्मा लागला. पुढे १८८०च्या दशकात डाकोटाच्या कुरणांवर गुरे राखताना तो त्यांच्या डोळ्यांवर होताच.

काडी शक्य तितकी बारीक आणि चपटी असावी. जाड काडीमुळे इअरमफच्या गादीखाली फट राहते आणि काही डेसिबलचे संरक्षण वाया जाते. चष्मा जाड काडीचाच असेल, तर आत इअरप्लग घालण्याला पर्याय नाही.

ॲरिझोनाच्या उन्हात गडद भिंगांचा मोह होतो, परंतु येथे खेळाडू उन्हातून छपराखालच्या सावलीत सेकंदात शिरतो, आणि तेथे गडद भिंगातून दर्शनी माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा) दिसेनाशी होते. पारदर्शक किंवा अगदी फिकट करडे भिंग बरे. ऊन टोपीचा काठ अडवतो. रायफलीतून वर उडालेली तापलेली पुंगळी चष्मा व गाल यांच्यामध्ये पडू नये यासाठीही तोच काठ उपयोगी पडतो, म्हणून टोपी मागे सरकवून घालू नये.

चाळिशीनंतर दर्शनी माशी धूसर दिसू लागते. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास ती खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि नेम बिघडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना हात पुढे ताठ करून डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर मोजून न्यावे, आणि त्या अंतराचे भिंग मागावे.

चष्मा साबणाच्या पाण्याने धुवावा. काळ्या बारुदीची काडतुसे वापरणाऱ्यांच्या भिंगांवर काजळीची पूड बसते. ती कोरडी पुसल्यास पॉलीकार्बोनेटवर ओरखडे उठतात. बंदूक साफ करण्याचे द्रावण किंवा ॲसिटोन भिंगाला कधीही लावू नये, त्याने बारीक तडे जातात. इअरमफच्या गाद्या उन्हात उभ्या मोटारीत ठेवल्या की कडक होऊन चिरतात. त्या बदलून मिळतात.

पाहुण्यांसाठी

भारतातून आलेल्या आई-वडिलांना आणि मुलांना कौतुकाने स्पर्धा पाहायला आणले जाते, आणि नेमके त्यांच्यासाठीच काही घेतलेले नसते. वाचायचा चष्मा हे संरक्षण नव्हे. त्यावरून घालता येणारे मोठे सुरक्षा चष्मे आमच्याकडे आहेत. श्रवणयंत्र बंद करून कानात ठेवले म्हणजे कान झाकला असेही समजू नये. ते काढून ठेवून इअरमफ लावावेत. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असल्याने इअरप्लग नीट बसत नाही. त्यांना लहान मापाचे इअरमफच द्यावेत, आणि तान्ह्या बाळाला रेंजवर आणूच नये.

दुकानात येताना आपली स्पर्धेची टोपी आणि रोजचा चष्मा सोबत आणावा. बंदूक आणण्याची आवश्यकता नाही. रायफल व शॉटगन यांच्या दस्त्यांचे लाकडी नमुने येथे ठेवलेले आहेत. सर्व वस्तू एकत्र घालून, नमुना खांद्याला लावून, मान दोन्हीकडे वळवून पाहिल्यानंतरच आम्ही पावती करतो.