पाखोमियस, संत

(सु. २९२–३४८). ख्रिस्ती सामुदायिक मठजीवनाचे प्रवर्तक. दक्षिण इजिप्तमधील ख्रिस्तेतर कुटुंबात जन्म. सु. ३१२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीत त्यांना धरून नेले. थीब्झ येथे कोंडलेल्या या तरुणांना अनोळखी ख्रिस्ती लोकांनी जेवण आणून दिले. सुटका होताच पाखोमियस यांनी बाप्तिस्मा घेतला व पालामोन या वृद्ध तपस्व्याकडे काही वर्षे साधना केली.

पुढे नाईलकाठच्या ताबेन्निसी या ओस गावात त्यांनी तपस्व्यांना एकत्र आणले. हा पहिला प्रयत्न फसला. आलेली माणसे कमाई स्वतःजवळच ठेवत आणि खर्चापुरता वाटा देत. स्वयंपाक, हिशेब, आल्यागेल्याची सरबराई पाखोमियस एकटेच करीत. मंडळी त्यांना गडी समजू लागली. काही वर्षे सोसून त्यांनी सर्वांना घालवून दिले आणि घरदार, मालमत्ता सोडल्याशिवाय प्रवेश नाही, असे ठरवले. त्यांची नियमावली समजून घ्यायची तर हा अनुभव आधी लक्षात घ्यावा लागतो.

मठात अनेक ‘घरे’ असत. एका घरात एकाच कसबाचे लोक, उदा. विणकर किंवा चटया वळणारे, एका प्रमुखाच्या हाताखाली राहत. नवागताला वीस स्तोत्रे पाठ करावी लागत. निरक्षर असल्यास दिवसातून तीनदा शिक्षकासमोर उभे राहून अक्षरे गिरवावी लागत, इच्छा नसली तरीही. प्रार्थनेच्या वेळीही हात दोर वळत असत. खोलीला कुलूप नसे. पुस्तके भिंतीतील कोनाड्यात असत व संध्याकाळी मोजली जात. काटा काढायचा चिमटाही तिथेच राही आणि तो घरप्रमुख व त्याच्या साहाय्यकाच्याच ताब्यात असे. उपवासाची सक्ती मात्र बेताची होती. ज्याला अधिक कठोर राहायचे, त्याने खोलीत भाकरी-मीठ खावे.

बहीण मारिया यांच्यासाठी त्यांनी स्त्रियांचा मठही उभारला. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस त्या भागात आले, तेव्हा धर्मगुरुपदाची दीक्षा टाळण्यासाठी पाखोमियस गर्दीत लपून राहिले. साथीत त्यांचा मृत्यू झाला. तोवर पुरुषांचे नऊ मठ झाले होते. मुख्य केंद्र प्बाऊ येथे होते आणि ऑगस्टमधील वार्षिक सभेत सर्व मठ तेथे हिशेब देत.

मठांच्या शेतजमिनी आणि नावा वाढत गेल्या, तसा मालमत्तेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नंतरचे संघप्रमुख होर्सिएसियस यांच्या कारकिर्दीत एका मठप्रमुखाने या मठांच्या संघाशी फारकत घेतली. पाखोमियस यांचे शिष्य थिओडोर यांनी त्याची समजूत घातली आणि मठ कोणाची जहागीर होऊ नये म्हणून प्रमुखांच्या वर्षातून दोनदा बदल्या सुरू केल्या.