अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम: दोन्ही झोपेच्याच गोळ्या का?

अल्प्राझोलामची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची आणि झोल्पिडेमची १० मिलिग्रॅमची, म्हणजे पहिली हलकी, असा हिशोब पुष्कळ जण मांडतात. तो साफ चुकतो. वेगवेगळ्या औषधांची ताकद मिलिग्रॅमच्या आकड्यावरून ठरत नाही.

परीक्षा, घरातलं दुःख, नोकरीची काळजी अशा कारणांनी काही दिवस झोप उडते, तेव्हा झोल्पिडेम दिलं जातं ते डोळा लागावा म्हणून. अंगातलं त्याचं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मं होतं. गोळी अंथरुणावर पडतानाच घ्यायची, पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे हवेत. भरपेट जेवणावर घेतली तर असर उशिरा होतो. मग ‘लागू पडली नाही’ म्हणून लोक दुसरी घेतात, आणि घात इथेच होतो. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. वृद्धांनाही ५च. झोपेतच चालणं, स्वयंपाक, गाडी चालवणं असं एकदा जरी घडलं, तरी ही गोळी पुन्हा घ्यायची नाही.

अल्प्राझोलाम मुळात चिंता आणि पॅनिक अटॅकवरचं औषध. झोप येते ती त्याच्या गुंगीने. ते निम्मं व्हायला सुमारे ११ तास लागतात, वृद्धांत आणखी जास्त. रात्री अकराला घेतलेल्या गोळीचा मोठा अंश सकाळी स्कूटरवर बसतानाही अंगात असतो. म्हाताऱ्या माणसांचा बाथरूममध्ये तोल जातो. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल चालू असेल तर अल्प्राझोलाम घेऊच नये, कारण त्याने अल्प्राझोलाम अंगात साचत जातं. त्वचेच्या डॉक्टरांना आपली ‘झोपेची गोळी’ सांगायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

काही आठवडे रोज घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम तोडलं तर थरथर, घबराट, क्वचित फिटही येते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. झोल्पिडेम थोडे दिवस घेऊन थांबवलं तर एक-दोन रात्री झोप बिघडते. तेवढ्यावरून गोळी पुन्हा सुरू करू नका. दारूबरोबर दोन्ही घातक, श्वास मंदावतो. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही आधी सांगा.

दोन्ही औषधं शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे सरकारच्या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. चिठ्ठी घेतानाच गोळी कुठल्या तारखेला बंद करायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.