आवाजाची नस छातीत का उतरते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका तालमीच्या वस्तादांचा आवाज बसला. पहाटे हौद्याच्या कडेला उभे राहून ते "पट काढ, पट काढ!" म्हणून ओरडायचे ते गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं. तोच आवाज आता पोकळ झाला होता. बोलताना शब्दांपेक्षा हवाच जास्त बाहेर पडायची. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं, हळद घातलेलं दूध झालं. दीड महिन्यानं भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, आवाजाचं एक सोडा. पण वजन उचलताना दमच धरता येईना झालाय. आणि पाणी पिलं की ठसका लागतोय."

मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, औषधं देत नाही. पण या तीन तक्रारी एकत्र ऐकल्यावर मी त्यांना त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीतून दिसलं की डावा स्वरतंतू हलतच नाही. घशात गाठ नाही, सूज नाही. मग त्यांना छातीचा फोटो काढायला सांगितला, आणि वस्ताद बुचकळ्यात पडले. दुखणं घशाचं आणि फोटो छातीचा कशाला?

हे समजायला आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवा. गळ्याच्या खाली मधोमध खळगा लागतो. तिथून साधारण ५ सेंटिमीटर खाली सरकलात की उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, आडवा उंचवटा हाताला लागेल. तालमीतल्या पोरांच्या अंगावर चरबी कमी, म्हणून तांबड्या मातीनं माखलेल्या छातीवरही तो डोळ्यांना दिसतो. बोटाच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या बरगड्या येऊन मिळतात. इथून थेट मागे गेलात तर पाठीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीवर पोचता. एवढ्या एका पातळीवर श्वासनलिकेचे दोन फाटे होतात आणि हृदयातून निघालेल्या महाधमनीची कमान सुरूही होते आणि संपतेही. शिकवताना मी या उंचवट्यावर पोरांचा अख्खा तास घालवतो, कारण हा सापडला की आतलं सगळं सापडतं.

दोन फुप्फुसांच्या मधल्या या जागेला डॉक्टर मेडिआस्टिनम म्हणतात. पुढे उरोस्थी, मागे मणके, वर मान, खाली श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा. हृदय इथलंच. श्वासनलिका पुढे आणि तिला चिकटून मागे अन्ननलिका. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात, म्हणून मोठा घास उतरताना अन्ननलिकेला फुगायला जागा मिळते. या सगळ्याभोवती सैल ऊती आणि चरबी असते. त्यामुळे गिळताना, श्वास घेताना, हृदय धडधडताना प्रत्येकाला थोडं सरकता येतं. पण जागा मोजकीच. तिथे नको ते काही वाढलं, तर शेजाऱ्यावर दाब येणारच.

आता वस्तादांची नस. नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे. मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाते. स्वरयंत्राला हलवणारी फांदी तिच्यातूनच फुटते, पण डावी फांदी मानेत नाही. डावीकडे व्हेगस स्वरयंत्राच्या शेजारून खाली निघून जाते, छातीत महाधमनीच्या कमानीपर्यंत पोचते, आणि तिथे ही फांदी कमानीखालून वळसा घालून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून पुन्हा वर घशात येते. उजवीकडची फांदी उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालूनच, म्हणजे मानेच्या पायथ्याशीच वळते. म्हणून डावी लांब, आणि छातीतल्या दुखण्याला सापडते ती बहुतेक वेळा तीच.

हा वळसा पडतो गर्भात. सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय मानेजवळ असतं, आणि ही नस त्याच्याजवळच्या एका रक्तवाहिनीच्या खालून सरळ पलीकडे जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि रक्तवाहिनीखाली अडकलेली नस आपल्याबरोबर ओढत नेतं. उजवीकडची ती खालची रक्तवाहिनी विरून जाते, म्हणून तिकडची नस वरच अडते. जिराफातही हाच वळसा आहे, आणि तिथे ही नस कित्येक मीटर लांब होते. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्यानं किंचाळणाऱ्या डुकराच्या या नसा कापून दाखवल्या होत्या. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज मात्र बंद झाला.

श्वासपटलाचीही गोष्ट अशीच. त्याला हलवणारी फ्रेनिक नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघते आणि हृदयाच्या आवरणावरून घसरत अख्खी छाती ओलांडते, कारण श्वासपटलही मानेकडून खाली आलेलं. खांद्याची कातडीही मानेच्या याच पातळ्यांशी जोडलेली, म्हणून यकृताजवळ, श्वासपटलाखाली पू झाला की उजवा खांदा दुखू शकतो. झणझणीत मिसळीवर ताव मारल्यावर लागणारी उचकी याच नसेवरून येते. कुणीतरी आठवण काढली म्हणायला हरकत नाही, पण निरोप फ्रेनिकच पोचवते.

आणखी एक नळी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मणक्यांच्या पुढून, महाधमनीच्या शेजारून, बॉलपेनच्या रिफिलएवढी लसिकावाहिनी, म्हणजे ऊतींमधून निथळणारा द्रव रक्तात परत नेणारी नळी, पोटातून वर येते. आतड्यात शोषलेली बरीचशी चरबी यकृताकडे न जाता हिच्यातून चढते. मटणाचं ताट आणि पांढरा रस्सा जेवून तीन-चार तासांनी ही नळी पाहिली तर आतला द्रव दुधासारखा पांढरा असतो. पाठीच्या साधारण पाचव्या मणक्याशी ती उजवीकडून डावीकडे जाते आणि डाव्या मानेच्या पायथ्याशी शिरेत रिकामी होते. दिवसाला २ लिटरच्या आसपास द्रव एवढ्याशा नळीतून जातो. शवविच्छेदनात ती हाताला येईपर्यंत मी आजही श्वास रोखून असतो.

वस्तादांच्या सीटी स्कॅनमध्ये महाधमनीची कमान आणि तिच्याखालची फुप्फुसाची डावी धमनी यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत लसिकेच्या गाठी सुजलेल्या दिसल्या. नस नेमकी तिथूनच वळते. अशा वेळी कर्करोगाची शंका आधी येते आणि यायलाच हवी. महाधमनीला आलेला फुगा किंवा झडप आकसल्यामुळे फुगलेला हृदयाचा वरचा डावा कप्पाही या नसेला दाबतो. म्हणूनच आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला, तर गुळण्यांवर वेळ घालवू नये. वस्तादांच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली.

दम का धरवत नव्हता, हेही त्यांना मी चित्र काढून समजावलं. वजन उचलताना दोन्ही स्वरतंतू घट्ट मिटतात, छातीत हवा कोंडते आणि तिच्या आधारानं धड ताठ राहतं. एक तंतू मधे येईना, की फट राहते आणि हवा निसटते. पाणी पिताना ठसका लागायचा तोही याच फटीमुळे. कागदावरच्या वळशावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. "म्हंजे हितनं खाली जाऊन परत वर?" "होय वस्ताद, हितनंच."

औषधं संपायच्या सुमाराला मी पहाटे तालमीत गेलो. आवाज थोडा खरखरीत होता, पण "पट काढ!" दारापर्यंत ऐकू आलं.