कॉर्सिवा की एडवर्डियन? पत्रिकेवरचे दोन ‘कॅलिग्राफी’ फॉन्ट

ठाण्यात नौपाड्यातल्या लग्नपत्रिकेच्या दुकानात गिऱ्हाईक एवढंच सांगतं, ‘इंग्रजी नावं कॅलिग्राफीत करा.’ ऑपरेटर मग मोनोटाइप कॉर्सिवा लावतो, नाहीतर एडवर्डियन स्क्रिप्ट. दोन्ही तिरके, दोन्ही नटवे. पण त्यांचं हत्यारच वेगळं.

कॉर्सिवाच्या मुळाशी रुंद, सपाट कापलेलं पेन आहे, म्हणजे आपल्या बोरूचा चुलतभाऊ. पेन एकाच कोनात धरायचं. रेघ कोणत्या दिशेला जाते त्यावर जाडी ठरते. एडवर्डियन (आरेखक एड बेंग्विएट, १९९४) टोकदार, लवचिक निबचा. खाली येताना दाब दिला की निबचे दोन पाय फाकतात आणि रेघ जाडावते, वर जाताना ती केसासारखी उरते. ओळखायचं असेल तर ‘स्नेहा’ इंग्रजीत टाइप करा. एडवर्डियनमध्ये स्मॉल एन पुढच्या ईला रेघेने जोडलेला दिसेल, कॉर्सिवात प्रत्येक अक्षर सुटं.

छपाईत घात करते ती ही केसरेघच. १४ पॉइंटात ती सोनेरी फॉइलमध्ये तुटते, आणि मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरी ठेवली तर आजूबाजूची शाई पसरून बुजते. शिवाय एडवर्डियनची स्मॉल अक्षरं बुटकी, त्यामुळे त्याच पॉइंटात मजकूर बराच लहान वाटतो. नावं ३६ ते ४८ पॉइंटात खुशाल करा. पण ‘गोखले रोड, नौपाडा, ठाणे ४००६०२’ एडवर्डियनमध्ये लावलं की आजोबा चष्मा पुसत बसतात. पत्ता कॉर्सिवात, १४ पॉइंट.

एडवर्डियनमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवू नका, सांधे सुटतात. कॉर्सिवा थोडं सोसतो. सगळी अक्षरं कॅपिटल मात्र दोन्हींत नकोत. एडवर्डियनमध्ये तर वेलांट्यांचा गुंता होतो, आणि या वळणात कॅपिटल टी आणि एफ पटकन एकमेकांसारखे वाटतात.

हॉलच्या दारातला ॲक्रिलिक बोर्ड लेझरवर कापायचा असेल तर कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यूने कर्व्ह केल्यावर (म्हणजे अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर केल्यावर) थांबू नका, अक्षरं वेल्डही करा, म्हणजे एकसंध जोडा. नाहीतर जिथे अक्षरं एकमेकांवर चढतात तिथेही मशीन काप घेतं आणि नावाचे तुकडे हातात येतात.

शेजारच्या मराठी नावाचं काय? देवनागरीचा काप रोमनच्या उलटा: उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड, उलट दिशेची बारीक. त्यामुळे हुबेहूब जोडी जमत नाही. कॉर्सिवाजवळ बोरूच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट तरी शोभतो. एडवर्डियनजवळ तो दांडगा दिसतो, तिथे हलक्या वजनाचा घ्या. पण जुळवाजुळवीसाठी देवनागरीवर इटॅलिकचं बटण कधीच दाबू नका. शिरोरेषा आडवीच राहते आणि खालचे दंड तेवढे कलंडतात.