आधी सरळ, मग वाकणं

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेल्याला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती वाकतोय?’ (बोलीत ‘वाटी बदलली’ म्हणतात, पण स्वतःची वाटी बहुधा तिथेच असते, बदलतात ते मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे झिजलेले पृष्ठभाग.) चालण्यासाठी मात्र पहिला प्रश्न हवा, ‘सरळ किती होतोय?’

सपाट जमिनीवर चालायला गुडघा ६५-७० अंश वाकला तरी भागतं. टाच टेकताना मात्र तो जवळजवळ सरळ लागतो. १०-१५ अंशांचा बाक राहिला तर उभं राहतानाही मांडीचा पुढचा स्नायू ताठ ठेवावा लागतो. तो थकतो आणि लंगडणं सवयीचं होतं.

हा बाक वाढवते ती गुडघ्याखालची उशी. किंचित वाकलेल्या सांध्यात सुजेच्या पाण्याला जास्त जागा मिळते, म्हणून बरं वाटतं; पण सांध्यामागचं आवरण तसंच आखडतं. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा अधांतरी सोडा, १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. ओढ बसेल, ती बसायलाच हवी.

‘पाय उचलतच नाही’ ही तक्रार आळसाची नव्हे. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला जाणारे संदेश मांडीच्या स्नायूला आवरून धरतात. म्हणून आधी सूज उतरवायची: कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पाय उंचावर. मग गुडघा गादीत दाबून ५ सेकंद धरायचं, असं १० वेळा.

चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला धरली तर अंग तिकडेच झुकतं. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

वाकण्याची घाई नको, पण ढिलाईही नको. खुर्चीतून सहज उठायला ९० अंशांहून थोडं जास्त लागतं. सहा आठवड्यांत ९० झाले नाहीत तर सर्जनना दाखवावं. सांध्यातले व्रण घट्ट होत गेले की सांधा सोडवणं अवघड होतं.

चालताना टकटक वाजणं, जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा, काही महिने ऊब, ही बहुधा काळजीची नसतात. जखमेतून पाणी येणं, ताप, किंवा एकच पोटरी सुजून दुखणं यांना मात्र त्याच दिवशी डॉक्टर हवा. अचानक दम लागला तर थेट रुग्णालय गाठा.