सागरी शैवलांपासून किण्वनक्षम शर्करा

समुद्रात वाढणाऱ्या मोठ्या शैवलांतील बहुशर्करांचे (शर्करेच्या लांब साखळ्यांचे) जलीय विच्छेदन करून, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने त्या तोडून, यीस्ट वा जीवाणू आंबवू शकतील अशा साध्या शर्करा मिळवण्याची प्रक्रिया. या शर्करांपासून मुख्यतः इथेनॉल करतात. लॅक्टिक आम्ल, ब्युटेनॉल हीही उत्पादने शक्य आहेत.

आधी शब्दाचा घोळ. नागपुरात शेवाळ म्हटले की फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या दगडांवरची हिरवी निसरड आठवते. ती गोड्या पाण्यातली, सूक्ष्म किंवा तंतुमय शैवले होत. तलावात माजणारी जलपर्णी तर शैवलच नव्हे, ती फुले येणारी वनस्पती. या नोंदीतील शैवले वीतभरापासून अनेक मीटर लांबीची असतात व रंगावरून लाल, तपकिरी आणि हिरवी अशा तीन गटांत मोडतात. समुद्रापासून दूर असलेल्या नागपूरकराच्या हाती ती येतात चायना ग्रास म्हणून. किराणा दुकानात मिळणाऱ्या त्या पांढुरक्या, कुरकुरीत पट्ट्या म्हणजे लाल शैवलांतून काढलेले आगर.

या प्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. लिनीअसने १७५३ मध्ये एका तपकिरी शैवलाला ‘फ्यूकस सॅकॅरिनस’ हे नाव दिले. वाळवल्यावर त्याच्या पात्यावर गोडसर पांढरी भुकटी उमटते. १८४४ मध्ये जॉन स्टेनहाउस यांनी अशा शैवलांत मॅनिटॉल असल्याचे दाखवले आणि काही लेखक येथूनच इतिहास सुरू करतात. पण मॅनिटॉल ही काटेकोर अर्थाने शर्करा नसून शर्करा-अल्कोहॉल आहे. नेहमीचे यीस्ट हवेविना ते सहसा आंबवत नाही. दुसरा पक्ष १८५९ हे वर्ष सांगतो : त्या वर्षी फ्रेंच रसायनज्ञ पायेन यांनी आगरातील जेलीसारखा पदार्थ वेगळा करून त्याला ‘जेलोज’ म्हटले. तिसरा दाखला पहिल्या महायुद्धाचा. कॉर्डाइट या स्फोटकासाठी ॲसिटोनची टंचाई पडली तेव्हा कॅलिफोर्नियात हर्क्युलस पावडर कंपनीने महाकाय केल्प हे तपकिरी शैवल कापून टाक्यांत आंबवले आणि त्यातून मिळालेल्या ॲसिटेटापासून ॲसिटोन केले. हा उद्योग मोठा होता खरा, मात्र त्यात शर्करा वेगळी काढण्याची पायरीच नव्हती. स्टार्चपासून आम्लाने साखर करण्याची किर्खोफ यांची रीत (१८११) आणि चिंध्या व लाकडाच्या भुशापासून साखर करणारे ब्राकोनो (१८१९) लक्षात घेता, शैवलशर्करा ही त्याच रीतीची उशिरा फुटलेली शाखा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गोडीचा पुरावा येथे फारसा उपयोगी नाही. मोहाचे फूल गोड असते आणि भिजवून ठेवले की आपोआप आंबते. चायना ग्रासला चव जवळपास नाही, तरी किण्वनक्षम साखर दडली आहे ती त्यात.

दडली आहे, पण निम्मीच. आगराच्या साखळीत गॅलॅक्टोज आणि ३,६-ॲनहायड्रोगॅलॅक्टोज आलटून पालटून येतात. कॅरेजीनन या लाल शैवलांतल्याच दुसऱ्या बहुशर्करेची रचनाही जवळपास तशीच असते. फक्त त्यावर सल्फेटाचे गट असतात. सौम्य आम्लात उकळल्यास ॲनहायड्रोगॅलॅक्टोजाकडील बंध आधी तुटतो. मोकळे झालेले ॲनहायड्रोगॅलॅक्टोज आम्लात टिकत नाही. त्याचे हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युराल होते आणि ते यीस्टला मारक ठरते. आम्ल कमी पडले तर साखळी अर्धवट राहते, जास्त झाले तर विष वाढते. उरलेले गॅलॅक्टोजही यीस्ट लगेच घेत नाही. ग्लुकोज असेपर्यंत त्याकडे फिरकत नाही.

हे प्रयोगशाळेत सहज पाहता येते. चिमूटभर चायना ग्रास विरल सल्फ्यूरिक आम्लात उकळावे, सोडा घालून आम्ल मारावे, बेनेडिक्टचे द्रावण टाकून पुन्हा तापवावे. निळा रंग हिरवट, मग पिवळा होत वीटकरी साका बसतो. पण ही परीक्षा फक्त क्षपणक (द्रावणातील तांब्याचे क्षपण करणाऱ्या) शर्करा दाखवते आणि ॲनहायड्रोगॅलॅक्टोजही तिला होकार देते. त्यामुळे अशा परीक्षांवर बेतलेले शर्करेचे आकडे किण्वनाच्या हिशोबात फुगलेले असतात.

तपकिरी शैवलांत लॅमिनॅरिन हे ग्लुकोजचे बहुवारिक असते. एंझाइमाने ते सहज फुटते. अडचण अल्जिनेटाची. ते शर्करा-आम्लांचे बनलेले असल्याने यीस्टच्या उपयोगाचे नाही. २०१२ मध्ये व्हिब्रिओ स्प्लेंडिडस या सागरी जीवाणूची जनुके ई. कोलायमध्ये घालून अल्जिनेट, मॅनिटॉल आणि ग्लुकोज एकत्र आंबवण्यात आले. कोरड्या शैवलाच्या दर ग्रॅममागे ०.२८१ ग्रॅम इथेनॉल मिळाले, म्हणजे सैद्धांतिक कमाल उताऱ्याच्या सुमारे ८० टक्के. हिरव्या शैवलांत स्टार्च, सेल्युलोज व अल्व्हान या बहुशर्करा असतात.

लाकूड किंवा पऱ्हाटीच्या तुलनेत शैवलांत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) नसल्यासारखेच असते, त्यामुळे पूर्वप्रक्रिया हलकी पडते. उलट मीठ व राख भरपूर. धुतले नाही तर यीस्ट मंदावते.

भारतात कप्पाफायकस हे लाल शैवल प्रथम सौराष्ट्रात आणि नंतर तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर लावले गेले. तेथे बांबूच्या तराफ्यांवर सुमारे ४५ दिवसांत पीक निघते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजे शैवल पिळून रस खतासाठी आणि चोथा कॅरेजीननसाठी वापरण्याची पद्धत बसवली. त्याच चोथ्यापासून इथेनॉलही करून पाहण्यात आले.

२०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यांवर इथेनॉलवरची बस धावली, पण महाराष्ट्राचे इथेनॉल मुख्यतः उसाचे. साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या सी-हेवी मळीच्या एका टनातून साधारण सव्वादोनशे लिटर निघते. वरच्या उताऱ्याने एक टन कोरड्या शैवलाचे सुमारे ३५५ लिटर भरते, म्हणजे मळीला मागे टाकणारे. मात्र ताज्या शैवलात ८० ते ९० टक्के पाणी असते. त्यामुळे ओला एक टन माल ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने आणला तर हाती पन्नास-पंचावन्न लिटर येतील. शिवाय आगर आणि कॅरेजीनन विकून इथेनॉलपेक्षा जास्त पैसा मिळतो. म्हणून अलीकडे आगर काढून झाल्यावर उरणाऱ्या सेल्युलोजयुक्त चोथ्यावर सेल्युलेज एंझाइम वापरण्याकडे कल आहे. त्यातून ग्लुकोज मिळते आणि ते यीस्ट विनातक्रार घेते.