डांबरी रस्त्याचं कॉम्प्युटर मॉडेलिंग

गाडीचं चाक रस्त्यावरून जातं तेव्हा डांबराच्या थरात आणि त्याच्या खालच्या खडी-मुरूम-मातीत किती ताण येतो, थर किती वाकतो, किती परत वर येतो आणि किती कायमचा दबून राहतो, हे सगळं गणितानं कॉम्प्युटरवर मांडायचं, याला डांबरी रस्त्याचं मॉडेलिंग म्हणतात. नवीन रस्त्याची जाडी ठरवायला ते लागतं आणि जुना रस्ता अजून किती वर्षं तग धरेल ते बघायलापण.

डांबरी मिश्रणात तीनच गोष्टी, खडी, बिटुमेन (खडी चिकटवून धरणारं काळं डांबर) आणि हवेच्या पोकळ्या. सातारा-सांगलीकडं खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, ती टणक असते आणि तिचं गणित सोपं. अवघड आहे ते बिटुमेन. ते काकवीसारखं वागतं, थंडीत घट्ट, उन्हात पातळ, आणि पटकन दाब दिला तर कडक लागतं पण तोच दाब सावकाश ठेवला तर हळूहळू सरकतं, म्हणून याला व्हिस्कोइलॅस्टिक मटेरियल म्हणतात, आणि म्हणूनच 'डांबराची ताकद किती' याला एक आकडा नसतो, तापमान किती आणि भार किती वेळ टेकला ते आधी सांगावं लागतं.

सुरुवात सोप्या मॉडेलपासून झाली. 1885 मध्ये बुसिनेस्कनं एकसंध जमिनीवरच्या भाराचं गणित मांडलं, 1943 मध्ये बर्मिस्टरनं ते दोन थरांसाठी सोडवलं आणि 1945 ला तीन थरांसाठी. आपल्याकडं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:37 या डांबरी रस्त्याच्या डिझाइनच्या नियमावलीसोबत जे आयआयटीपेव्ह सॉफ्टवेअर वापरतात (आयआयटी खरगपूरनं बनवलेलं) ते याच विचारावर चालतं. प्रत्येक थराची जाडी, मॉड्युलस (थराचा कडकपणा) आणि पॉइसन रेशो (एका बाजूनं दाबल्यावर आडवं किती फुगतं ते) टाकायचा, जोडचाकातल्या एका चाकाचा भार 20,000 न्यूटन आणि टायरचा दाब साधारण 0.56 मेगापास्कल द्यायचा, मग दोन जागा बघायच्या. डांबरी थराच्या तळाशी आडवा ताणणारा स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानानं किती ताणलं किंवा दबलं ते), त्यानं खालून भेगा सुरू होतात, आणि मातीच्या माथ्यावर उभा दाबणारा स्ट्रेन, त्यानं चाकोऱ्या पडतात. भेगांच्या सूत्रात स्ट्रेनचा घातांक 3.89 आहे, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून स्ट्रेन निम्मा केला तर आयुष्य जवळपास 15 पट होतं. थोडी जाडी वाचवायला गेलं की रस्ता एवढा लवकर का जातो ते इथं कळतं, आणि ओव्हरलोड गाडी किती महागात पडते तेपण.

पण या मॉडेलला वेग दिसत नाही, आणि आपल्या भागासाठी मला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. लॅबमध्ये मॉड्युलस काढताना भार 0.1 सेकंद देतात आणि 0.9 सेकंद विश्रांती, तापमान 35 अंश. आता गळीत हंगामात वाळवा-पलूसकडं उसानं खच्चून भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत रांगत चाललेला असतो, किंवा खंबाटकी घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असतो, तिथं चाक एका जागेवर कितीतरी जास्त वेळ टेकतं, आणि मार्च उजाडला की दुपारी रस्ता 35 अंशाच्या बराच वर गेलेला असतो. त्या घडीला बिटुमेनचा खरा मॉड्युलस कागदावरच्या आकड्यापेक्षा खूप कमी असतो आणि चाकोरी मातीत नाही तर वरच्या डांबरी थरातच पडते. आयआयटीपेव्हमध्ये या चाकोरीचा हिशोबच नाही, ती मिक्स डिझाइनवर (खडी-बिटुमेनचं प्रमाण ठरवण्यावर) आणि व्हीजी-40 सारख्या घट्ट बिटुमेनवर सोडलेली आहे.

हा हिशोब करायचा तर पुढची मॉडेल्स लागतात. वेगवेगळ्या तापमानाला आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मॉड्युलस मोजून सगळ्या मोजण्या सरकवून एकाच सलग वक्ररेषेवर, म्हणजे मास्टर कर्व्हवर आणतात, त्यावरून स्प्रिंग आणि डॅशपॉटच्या (शॉक अॅब्झॉर्बरसारखा सावकाश सरकणारा भाग) जोड्यांचं गणित (प्रोनी सिरीज) बसवतात आणि ते फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये (रस्त्याचे छोटे छोटे तुकडे पाडून गणित करणारं) घालून चाक चालतं ठेवतात, कायमचं दबणं धरायला वर व्हिस्कोप्लास्टिक (सरकल्यावर परत न येणारा) भाग जोडतात. दुसरी वाट डिस्क्रीट एलिमेंटची, कुंडल आणि स्ट्रॅक यांनी 1979 मध्ये मांडलेली, यात खडीचा कण न् कण वेगळा धरतात, कणांचे खरे आकार मिळवायला नमुन्याचा सीटी स्कॅनसुद्धा करतात. यात मिश्रणाच्या आत काय होतं ते दिसतं पण कॉम्प्युटरला वेळ फार लागतो, म्हणून संशोधनात जास्त आणि रोजच्या डिझाइनमध्ये कमी.

तापमान-मातीचे आकडे सबंध जिल्ह्याला एकच धरणं तर अजिबात बरोबर नाही. एकट्या साताऱ्यात महाबळेश्वरला पाऊस मीटरनं मोजावा इतका आणि माण-खटावला दुष्काळ. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिजल्यावर तिचा सीबीआर (मातीची भार पेलायची ताकद दाखवणारा आकडा) एकदम पडतो, मग वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी मातीवरचा स्ट्रेन वाढतोच. म्हणून झालेल्या रस्त्यावर फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरनं वजन पाडून खोलगटपणा मोजतात आणि उलट गणित करून प्रत्येक थराचा खरा मॉड्युलस काढतात, याची पद्धत आयआरसी:115 मध्ये दिलीये. काळ्या मातीवर ही मोजणी पावसाळा संपल्या संपल्या, माती ओली असतानाच करावी, उन्हाळ्यात केली तर माती आहे त्यापेक्षा मजबूत दिसते आणि ओल्या दिवसांसाठी तो आकडा हंगामाप्रमाणे दुरुस्त करूनच वापरावा लागतो.